नव्वद दिवसांचं गाव

पहिल्या वर्षी आम्ही फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीसमध्ये घर शोधत होतो, तेव्हा जिन्यात भेटलेल्या खालच्या मजल्यावरच्या मादामनी एकच प्रश्न विचारला. "खिडक्या कुठल्या बाजूला उघडतात ते बघितलंत?" आम्ही पलंग बघितला होता, स्वयंपाकघर बघितलं होतं, गरम पाणी येतं का ते नळ सोडून बघितलं होतं. खिडक्यांकडे लक्षच गेलं नव्हतं. मादाम म्हणाल्या, "दक्षिणेला असतील तर घ्या. हिवाळ्यात इथे खोली भाड्याने घ्यायची नसते, ऊन घ्यायचं असतं."

खिडक्या दक्षिणेलाच होत्या. आम्ही घर घेतलं, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात तिथेच जातो.

जानेवारीत दुपारी बारा-साडेबाराला त्या खोलीत ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. नीस साधारण ४३.७ उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर येतो. इतक्या खालून आलेलं ऊन खिडकीच्या वरच्या कडेखालून सरळ आत शिरतं आणि जमिनीवरून पाच मीटर सरकत जातं. टेबलाचे पाय, खुर्चीची पाठ, मग भिंतीवरचा रंग उडालेला चौकोन, जिथे कधीकाळी कुणाची तरी तसबीर असावी. मी त्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसते. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. पुस्तक हातात असतं, पण वाचत नाही.

हे मी का करते ते सांगायला हवं. मी जिथे वर्षाचे बाकीचे महिने राहते तो उत्तरेकडचा देश आहे. तिथे डिसेंबरमध्ये दुपारी चारला रस्त्यावरचे दिवे लागतात. पहिली काही वर्षं मी थंडीला दोष देत होते. थंडीला कपडे असतात, अंधाराला नसतात, हे कळायला वेळ लागला. ऑक्टोबर संपत आला की मला सकाळी उठावंसं वाटत नसे. भाजी चिरता चिरता मध्येच थांबून मी सुरीकडे बघत राही, पुढे काय करायचं होतं ते आठवत नसे. नवऱ्याने ते माझ्याआधी ओळखलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ऋतूबरोबर येणारं नैराश्य. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या त्रासाचं वर्णन करून त्याला हे नाव दिलं. म्हणजे माझ्या तरुणपणी या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं. मग १०,००० लक्सचा, म्हणजे खूप प्रखर उजेडाचा, दिवा घरात आला. रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. त्याने फरक पडला, खरंच पडला. पण त्या दिव्यासमोर बसलं की खिडकीबाहेरचा काळोख आणखी दाट दिसायचा. निवृत्तीनंतर नवरा म्हणाला, "दिव्याकडे जाण्यापेक्षा उजेडाकडेच जाऊ."

आलो तेव्हा आठ दिवस पाऊस पडला. समुद्र राखाडी, आकाश राखाडी, आणि नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाहीच, सगळे गोटे, तेही राखाडी. मी पहिल्या आठवड्यात परत जायच्या गोष्टी करत होते. मला तेव्हा मातिसची गोष्ट माहीत नव्हती. चित्रकार आंरी मातिस १९१७ च्या डिसेंबरात इथे आला तोही पावसात अडकला. समुद्रासमोरच्या हॉटेलात बसून पाऊस बघत राहिला, निघून जायच्या बेतात होता, आणि मग वारा सुटून आकाश मोकळं झालं. तो त्यानंतर जवळजवळ सारं आयुष्य या परिसरात राहिला आणि १९५४ साली इथेच गेला. नीसमधल्याच सिमिएच्या टेकडीवर त्याचं थडगं आहे. आमच्याही नवव्या दिवशी ढग हटले. उत्तरेला आल्प्सचे बर्फाचे माथे एकदम उघडे पडले आणि खाली समुद्र इतका निळा झाला की मी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

ही सगळी किमया डोंगर आणि समुद्र या दोघांची. डोंगर उत्तरेचा गार वारा अडवतात. समुद्राचं पाणी तापायला वेळ घेतं तसा निवायलाही घेतं, त्यामुळे उन्हाळ्याची ऊब ते हिवाळाभर थोडी थोडी सोडत राहतं. फेब्रुवारीत पाणी १३ अंशांवर येतं. त्या पाण्यातही रोज सकाळी पोहणारी म्हातारी माणसं आहेत. मी पाण्यात उतरत नाही. मी लाट मागे जाताना गोट्यांचा जो आवाज होतो तो ऐकत बसते. हजारो गोटे एकमेकांवरून घसरतात, आणि पुढची लाट येईपर्यंत क्षणभर काहीच ऐकू येत नाही.

नीसला माझ्यासारख्या माणसांची सवय फार जुनी. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश डॉक्टर आणि कादंबरीकार १७६३ साली छातीच्या दुखण्यासाठी इथे आला आणि जवळजवळ दीड वर्ष राहिला. त्याने रोजच्या हवेची नोंद ठेवली होती. वारा कुठला, ऊन की ढग, पाऊस किती. ती नोंद बघितली तेव्हा मला तो फार जवळचा वाटला. आजारी माणूस हवेकडे ज्या आशेने बघतो ती मला कळते. त्याच्यामागून इंग्रज आले, रशियन आले. १८६४ साली रेल्वे पोचल्यावर तर रीघ लागली. व्हिक्टोरिया राणी १८९५ ते १८९९ अशी पाच वर्षं वसंताच्या तोंडाशी सिमिएला येऊन राहत असे. आज नीस म्हटलं की लोकांना उन्हाळा आठवतो, पण विसाव्या शतकाची पहिली काही दशकं सरेपर्यंत हे हिवाळ्याचं गाव होतं. मे महिना आला की मोठी हॉटेलं बंद व्हायची. २०२१ साली युनेस्कोने नीसला जागतिक वारशाचा दर्जा दिला तोही 'रिव्हिएराचं', म्हणजे या किनारपट्टीचं, 'हिवाळी विश्रामनगर' म्हणून.

समुद्राकाठचा प्रसिद्ध रस्ता, प्रोमनाद देझांग्ले, म्हणजे इंग्रजांचा रस्ता, तो या पाहुण्यांनीच बांधवून घेतला. त्यामागची हकिकत मला कायम आठवत राहते. १८२० च्या सुमारास एक हिवाळा इतका कडक गेला की इथल्या संत्र्याच्या बागा गारठून मेल्या. मजुरांच्या हाताला काम उरलं नाही, भीक मागणारे वाढले. तेव्हा ल्यूइस वे नावाच्या पाद्र्याच्या पुढाकाराने इंग्रजांनी पैसे गोळा केले आणि त्या बेकार माणसांकडून समुद्राकाठी एक पायवाट करून घेतली. स्वतःचा हिवाळा टाळायला आलेल्या माणसांनी दुसऱ्यांच्या हिवाळ्यातून बांधलेला हा रस्ता. आज तो सात किलोमीटर लांब आहे आणि त्याच्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात. त्या खुर्चीत बसून मी रोज समुद्र बघते, आणि आठवड्यातून एकदा तरी त्या मजुरांचा विचार मनात येतो.

आमचं घर ज्या भागात आहे तिथे रस्त्यांना संगीतकारांची नावं आहेत. व्हेर्दी, रोसिनी, गुनो. गुनोच्या रस्त्यावर एक रशियन पान्स्यों, म्हणजे राहण्या-जेवणाची सोय असलेलं पाहुणेघर होतं, तिथे १८९७ च्या हिवाळ्यात रशियन लेखक चेखव राहायला होता. फुप्फुसांतून रक्त पडत होतं म्हणून डॉक्टरांनी पाठवलं होतं. इथे बसून तो फ्रेंच वर्तमानपत्रांतून ड्रेफस या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यावरच्या खटल्याच्या बातम्या वाचत असे. तो स्वतः डॉक्टर होता, त्याला आपलं काय होणार ते ठाऊक असणार. त्या घरावरून जाताना मी चाल कमी करते.

जुने डॉक्टर या रुग्णांना एक सक्त ताकीद द्यायचे. सूर्य मावळायच्या आत घरी परता. आता आपल्याला ते अंधश्रद्धेसारखं वाटतं, पण डिसेंबरमध्ये इथे राहिल्यावर त्यामागचं कारण अंगाला कळतं. साडेतीनला अंगावर नुसता सदरा चालतो. पाचच्या आत सूर्य नैर्ऋत्येकडच्या डोंगरांमागे जातो आणि उन्हाबरोबर सगळी ऊब निघून जाते. हवा मुळात गारच असते, आपण फक्त उन्हात उभे असतो. त्या वेळी निळ्या खुर्च्यांवरून माणसं एकेक करून उठतात. कुणी कुणाला सांगत नाही. आपापली शाल आवरून सगळे घराकडे वळतात.

त्या उतरत्या वेळेचा विचार करताना मला बुफा रस्त्यावरच्या इंग्रज चर्चच्या आवारातलं एक थडगं आठवतं. हेन्री फ्रान्सिस लाइट. नाव वाचून मला काही बोध झाला नव्हता. गांधीजींच्या आवडीचं, २०२२ साली वगळलं जाईपर्यंत दिल्लीत बीटिंग रिट्रीटला वर्षानुवर्षं वाजणारं 'अबाइड विथ मी' हे जे इंग्रजी स्तोत्र आहे, ते या माणसाने लिहिलं, हे कळलं तेव्हा मी तिथल्या तिथे थबकले. ती धून मी लहानपणापासून ऐकत आले होते. संध्याकाळ झपाट्याने उतरते आहे, अंधार दाटतो आहे, तू माझ्याजवळ राहा, एवढंच त्याचं मागणं. लाइट इंग्लंडमधल्या ब्रिक्सम नावाच्या मच्छीमारांच्या गावात पाद्री होता. फुप्फुसं दुबळी, म्हणून हिवाळ्यात दक्षिणेला यायचा. १८४७ सालचा हिवाळा त्याला मिळालाच नाही. २० नोव्हेंबरला, चोपन्नाव्या वर्षी, तो नीसमध्ये गेला. शेवटच्या प्रवासाला निघण्यापूर्वीच्या दिवसांत त्याने ते शब्द पुरे केले असं सांगतात. मी दर वर्षी एकदा तिथे जाते. फुलं नेत नाही. थोडा वेळ उभी राहते.

आम्हाला इथे नव्वद दिवस मिळतात. युरोपातल्या शेंगेन देशांत बाहेरच्यांना कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. २० डिसेंबरला आलं की १९ मार्चला निघायचं. त्या नव्वदांत एक आयुष्य बसवायचं असतं. डिसेंबरात थंडीतही उघडी असलेली कूर सालेयाची फुलांची मंडई, जानेवारीत लिंबांनी वाकलेली झाडं, फेब्रुवारीत डोंगरउतारावर मिमोझाचा पिवळा बहर आणि गावात कार्निव्हलची गर्दी. दुपारी बाराला किल्ल्याच्या टेकडीवरून बार उडतो. ही प्रथाही म्हणे एका हिवाळी पाहुण्याचीच. एकोणिसाव्या शतकातल्या एका स्कॉटिश गृहस्थाची बायको फिरायला गेली की गप्पांत रमून जेवणाची वेळ विसरायची, म्हणून त्याने तोफ उडवायची परवानगी मागितली. तो निघून गेला, गावाला सवय लागली ती लागलीच. पहिल्या वर्षी त्या आवाजाने मी दचकायचे. आता बार झाला की भाताखालचा गॅस बंद करते.

मादामशी मैत्री हळूहळू झाली. आधी जिन्यात नमस्कार, मग कुंडीला पाणी घालण्याची विनंती, मग माझ्या मोडक्या फ्रेंचची दुरुस्ती. त्यांच्या हातात आमची किल्ली नऊ महिने असते. आम्ही यायच्या आदल्या दिवशी त्या वर जाऊन झडपं उघडून ठेवतात, म्हणजे आम्ही दार उघडतो तेव्हा खोलीत ऊन असतं. मी त्यांना कधी सांगितलं नाही की प्रवासातल्या शेवटच्या तासात माझ्या डोळ्यांपुढे फक्त तेवढंच असतं.

१४ जुलै २०१६ च्या रात्री आम्ही घरी होतो, उत्तरेला. फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाची आतषबाजी बघायला लोक प्रोमनादवर जमले होते आणि एका माणसाने त्या गर्दीत ट्रक घातला. ८६ माणसं गेली. आम्ही ते दूरदर्शनवर बघितलं. पडद्यावर निळ्या खुर्च्या होत्या, पामची झाडं होती, मी रोज ज्या वळणावर थांबते ते वळण होतं. आणि सगळीकडे उन्हाळ्याचे कपडे. मला आठवतंय, त्या हादऱ्यातही माझ्या मनात आलं की इथे लोक असे कपडे घालतात हे मी कधी बघितलेलंच नाही. मादामना फोन लावला. दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला आणि म्हणाल्या, "मी घरीच होते. गुडघा दुखत होता." पुढे दोघी काहीच बोललो नाही.

डिसेंबरमध्ये आलो तेव्हा त्या नेहमीसारख्या माझ्याबरोबर फिरायला निघाल्या. समुद्राकाठाने चालताना एका ठिकाणी त्यांनी माझं कोपर धरलं आणि मला घेऊन रस्ता ओलांडला. बरंच अंतर आम्ही पलीकडच्या फुटपाथने गेलो, मग पुन्हा समुद्राच्या बाजूला आलो. मी विचारलं नाही. घराजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही नव्हता इथे." त्यात तक्रार नव्हती. मला एक गोष्ट माहीत नाही, एवढं त्यांनी सांगितलं.

ते वाक्य माझ्या आत राहिलं. मग मी मोजायला लागले. त्यांची बहीण ऑगस्टमध्ये गेली. अंगणातलं अंजिराचं झाड सप्टेंबरच्या वादळात पडलं. त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया जूनमधली. शेजारच्या घरातलं तरुण जोडपं भाडं परवडेना म्हणून मे महिन्यात गाव सोडून गेलं. मला हे सगळं डिसेंबरात कळायचं, कॉफी पिताना, दुःख निवून त्याची गोष्ट झाल्यावर. त्यांनाही माझं अर्धंच माहीत आहे. मादामनी मला नोव्हेंबरमध्ये कधी पाहिलेलं नाही. सुरी हातात घेऊन थांबलेली मी त्यांच्या ओळखीची नाही. त्यांच्या लेखी मी एक हसरी, सकाळी लवकर उठणारी, टोपली घेऊन मंडईत जाणारी बाई आहे. आम्ही एकमेकींना आवडतो हे खरं आहे. पण ही आवड नव्वद दिवसांची.

त्या जोडप्याच्या घरात आता उन्हाळ्यात आठवड्याच्या बोलीवर प्रवासी राहतात आणि हिवाळ्यात आमच्यासारखं कुणीतरी. आमच्या घरमालकाचीही हीच रीत. आम्ही भाडं वेळेवर देतो, घर जपतो, पण आम्ही ते घर घेतलं नसतं तर तिथे बारा महिने राहणारं एखादं कुटुंब असतं, हे मला ठाऊक आहे. जिन्यातल्या दारांवर आता नावांच्या पाट्यांपेक्षा किल्लीच्या पेट्या जास्त दिसतात. मादाम त्यावर बोलत नाहीत, फक्त नव्या पेटीकडे एकदा बघून पुढे जातात. मला याचं उत्तर सापडलेलं नाही. उजेड मला लागतो आणि घर त्यांना लागतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि हे मनात घेऊनच मी दर वर्षी त्या जिन्याने वर चढते.

खूप वर्षं मी स्वतःला सांगत होते की उन्हाळ्यात येणं शक्य नाही, नव्वद दिवस संपलेले असतात. एकदा कागद घेऊन नीट हिशेब केला. १८० दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. जुलैत आठवडाभर राहिलं तरी मर्यादा ओलांडली जात नाही, आणि पुढच्या हिवाळ्यातला एकही दिवस कमी होत नाही. नियम कधी आड आलाच नव्हता. मी तो कागद नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "जाऊन ये. एकटी जा."

मागच्या जुलैत मी गेले. आमच्या घरात प्रवासी होते, म्हणून मादामकडे उतरले. दार उघडलं तेव्हा मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. बिनबाह्यांचा झगा, उघडे दंड, केस वर बांधलेले. हिवाळ्यातल्या कोटाच्या आत इतका लहान देह असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनीही मला तसंच बघितलं असणार. घरात अंधार होता. सगळ्या झडपा बंद, फक्त पट्ट्यांमधून उजेडाच्या रेघा. ज्या उजेडासाठी मी इतक्या लांबून येते तो या दिवसांत इथली माणसं दाराबाहेर थोपवून ठेवतात. दुपारी आम्ही दोघी त्या अंधारात बसून असायचो, पंखा चालू, बोलणं थोडं. बाराचा बार ऐकू आला तेव्हा दोघींनी एकदमच मान वर केली.

चौदा तारखेला संध्याकाळी त्या कुठे गेल्या नाहीत. मीही गेले नाही. रात्री उशिरापर्यंत त्यांनी बहिणीबद्दल सांगितलं. दोघी लहानपणी कुठल्या खडकावरून उडी मारायच्या, बहिणीला पोहायला कुणी शिकवलं, शेवटच्या ऑगस्टात ती काय खायला मागत होती. मीही त्यांना नोव्हेंबरबद्दल सांगितलं. शब्द सापडत नव्हते, त्या थांबून थांबून पुरवत होत्या. सांगून झाल्यावर त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन ग्लास पाणी घेऊन आल्या.

निघायच्या दिवशी सकाळी वरचं घर रिकामं झालं होतं, पुढचे लोक दुपारी यायचे होते. मादामनी किल्ली पुढे केली. "बघून या," म्हणाल्या. मी वर गेले. झडपा उघडल्या. सूर्य डोक्यावर चढत होता, ऊन खिडकीच्या आत जेमतेम हातभर आलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. मी मागच्या भिंतीशी जाऊन त्या रंग उडालेल्या चौकोनावर तळहात ठेवला. भिंत गार होती.